सही करण्याआधी

नवी पेठेतली, चाटी गल्लीतली दुकानं बंद करून थेट इथं आलेली मंडळी दिसताहेत. दिवसभर उभं राहून आलात, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

महिन्यापूर्वी एक मावशी आल्या. कापडाच्या मोठ्या दुकानात 18 वर्षं काउंटरवर. गिऱ्हाइकाकडं दुकानाचं पॉइंटचं कार्ड नव्हतं, मागं रांग, म्हणून यांनी बिलावर आपलाच मोबाइल नंबर टाकला. पॉइंट जमा झाले 36. त्यात चहाही येत नाही. संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, "चोरी आहे ही. राजीनामा लिहून द्या मावशी, विषय मिटवू. नाहीतर पोलीस." मावशी म्हणाल्या, घरी विचारून येते, आणि उठल्या. तिथंच त्यांची केस वाचली.

राजीनामा दिला की तुम्ही आपखुशीनं गेलात. दबाव होता हे मग तुम्हीच सिद्ध करत बसा. काढायचं तर मालकानं काढावं: आरोपपत्र, खुलाशाची संधी, चौकशी. तोंडी हाकललं तर दुसऱ्या दिवशी दारात जा, आत घेतलं नाही तर स्पीड पोस्टानं कळवा आणि पावती जपा.

महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. आम्ही त्याला पीयूएलपी म्हणतो. किरकोळ चुकीसाठी, मागची नोकरी कशी झाली हे न बघता धक्कादायक मोठी शिक्षा देणं, ही त्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. जणू मावशींसाठीच! तक्रार कामगार न्यायालयात, 90 दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. पाटीवर सुपरवायझर लिहिलंय म्हणून घाबरू नका, प्रत्यक्षात काम काय करता ते बघतात. पगारपावतीवर मात्र एजन्सीचं नाव असेल आणि दुकानदार म्हणाला, 'हा माझा माणूसच नाही', तर हे दार अडतं. मग आधी सहायक कामगार आयुक्तांकडं समेटाचा अर्ज.

आता पैशाचं. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 धरा: भागिले 26, गुणिले 15, गुणिले 18 वर्षं. 1,35,000 रुपये. नुसत्या नियमभंगासाठी ती जप्त करता येत नाही. नुकसान केलं असेल तर तेवढ्यापुरतीच कापता येते. दंगा, मारहाण किंवा चोरीसारखा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर मात्र सगळी जाऊ शकते. म्हणून पत्रातला 'चोरी' हा शब्द आधी शोधा आणि खुलाशात तो खोडून काढा. पीएफ तर तुमचाच, त्याला कुणी हात लावू शकत नाही.

निकालाला वर्षं लागतात, हे लपवत नाही. पुष्कळदा नोकरीऐवजी नुकसानभरपाईच हाती पडते. घर चालवायला दुसरीकडं काम धरलंत तरी केस बुडत नाही, फक्त मधल्या काळाच्या पगाराचा हिशेब कमी होतो. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

मावशींचा आज त्या 90 पैकी 41 वा दिवस. अर्ज तयार आहे, जुन्या पगारपावत्या तेवढ्या ट्रंकेत शोधायच्या राहिल्यात.