काकपद, राजमुद्रा आणि अंगावरचे शुद्धलेखन

(साताऱ्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि रसिक श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'लोकप्रिय टॅटू आणि त्यांचे प्रतीकार्थ' असा छापला आहे. 'प्रतीकार्थ' या शब्दातील 'ती' दीर्घ छापल्याबद्दल मी संयोजकांचे आधी अभिनंदन करतो, कारण ३४ वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाला पत्रिका हातात पडल्यावर तारीख आणि वेळ सर्वांत शेवटी दिसते. टॅटूवर बोलायला मुद्रितशोधकाला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. माझ्या अंगावर एकही टॅटू नाही आणि या वयात तो काढून घेण्याचा विचारही नाही. मात्र साताऱ्यातील निदान एका हातावर माझ्या हस्ताक्षरातील एक खूण कायमची आहे. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. सैन्यभरतीची तयारी करणारा, पहाटे अंधार असतानाच धावत अजिंक्यतारा चढणारा. अपशिंग्यासारखे सैनिकांचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथे अशी मुले गल्लोगल्ली असतात. दोन वर्षांपूर्वी तो एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "काका, एवढे तपासून द्या, हातावर काढायचे आहे." कागदावर शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा होती. इंटरनेटवरून उतरवलेल्या त्या चित्रात 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता' यातील रफार गळला होता आणि 'शाहसूनोः' मधील विसर्ग नाहीसा झाला होता. मी त्याला म्हटले, "अरे, आधी हे सांग, भरतीत चालते का?" त्याने तो अभ्यास माझ्यापेक्षा चांगला केला होता. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो आणि आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट असते, हा नियम त्याने मला पाठ म्हणून दाखवला. जागा त्याने त्या हिशेबानेच निवडली होती. मग मी लाल शाईचे पेन काढले आणि आयुष्यभर जे करीत आलो तेच केले. विसर्ग जेथे घालायचा तेथे ओळीखाली काकपद केले आणि समासात विसर्गाचे दोन ठिपके लिहिले.

काकपद म्हणजे काय, हे येथील तरुण श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे. ओळीत काही गळले असेल तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी जी टोकदार खूण करतात ती काकपद. कोणी तिला हंसपदही म्हणतात. पक्षी कोणता मानायचा हे शोधकाच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. ही खूण जुन्या हस्तलिखितांतही सापडते. ती कधीच छापायची नसते, हे मात्र छापखान्यातील पोऱ्यालाही ठाऊक असे.

टॅटूच्या दुकानात ते ठाऊक नव्हते. कारागीर प्रामाणिक होता. त्याने रफार घातला, विसर्ग घातला, आकृती स्टेन्सिलच्या कागदावर उतरवली, कागद हातावर दाबून जांभळी रेघ उमटवली आणि तिच्यावरून सुई फिरवली. सोबत 'शाहसूनोः' खालचे माझे काकपदही जसेच्या तसे गोंदले, कारण संस्कृतात असे काहीतरी असतेच, असे त्याला वाटले. संध्याकाळी मुलाने मोठ्या अभिमानाने हात पुढे केला आणि मला घाम फुटला. मी त्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने माझाच कागद माझ्यासमोर धरला आणि विचारले, "हे तुम्हीच लिहिले आहे ना?" ३४ वर्षांत लेखकांनी माझ्यावर पुष्कळ खापर फोडले, परंतु ते सारे दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त होण्यासारखे होते. शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते, शरीरातील पेशी तिचे कण गिळून तेथेच धरून ठेवतात, आणि तेथे शुद्धिपत्र जोडता येत नाही.

खरी गंमत त्यानंतरची आहे. मित्र विचारू लागले की हे खाली काय आहे. पहिल्या आठवड्यात तो गप्प बसला, दुसऱ्या आठवड्यात 'बाणाचे टोक आहे' म्हणू लागला, आणि महिनाभरात त्याने 'गडाचे शिखर आहे, वर चढत राहायचे' असा अर्थ पक्का करून टाकला. काही महिन्यांनी पोवई नाक्यावर चहा पिताना समोरच्या एका अनोळखी मुलाच्या मनगटावर मला नुसते काकपद दिसले. राजमुद्रा नाही, श्लोक नाही, फक्त माझी दुरुस्तीची खूण. मी त्याला अर्थ विचारला. त्याने मला गडाचे शिखर समजावून सांगितले.

मला आज जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे, की टॅटूच्या दुकानात आणि मोबाइलवर जी 'अर्थांची यादी' मिळते, कमळ म्हणजे पावित्र्य, वाघ म्हणजे शौर्य, ती यादी हा शब्दकोश आहे. आणि शब्दाचा अर्थ शेवटी वाक्यात ठरतो. चिन्ह कोणी काढले, कोणाच्या अंगावर, कोणत्या जागी, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या इच्छेने काढले, हे त्या चिन्हाचे वाक्य आहे.

शुद्धलेखनाचा विषय निघालाच आहे, तर एक अन्याय येथे दूर करतो. डेव्हिड बेकहॅम या फुटबॉलपटूने २००० साली पत्नीचे नाव देवनागरीत हातावर गोंदवून घेतले. त्यात एक 'ह' जास्तीचा आहे, म्हणून जगभर त्याचे हसे झाले. आता त्या हातावर काय आहे? 'व्हिक्टोरिया'. हिंदीच्या रिवाजाने ते चुकलेले असेल, परंतु ज्या भाषेत 'व्ही. शांताराम' लिहितात आणि ज्या मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या 'व्हिक्टोरिया' नावाची घोडागाडी फिरली, त्या भाषेत ते निर्दोष आहे. बेकहॅमचा हात शुद्ध मराठी आहे. त्याचे वाक्य चुकीच्या भाषेत वाचले गेले, एवढेच.

राजमुद्रेकडे परत येतो, कारण आपल्या भागातील तरुणांत तिच्याइतकी लोकप्रिय आकृती दुसरी नसावी. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य असलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, हा अर्थ येथे बहुतेकांना पाठ आहे. पण मुद्रा ही वस्तू काय करते? ती कागदाला आज्ञापत्र बनवते. मजकूर चिटणिसाच्या हातचा असतो, मुद्रा उमटल्यावर त्याची जबाबदारी राजाची होते. मग ती हातावर उमटली, तर त्या हाताने जे होईल त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला होता. तो बराच वेळ गप्प होता. अंगावर मुद्रा घेणे आपल्याला नवे नाही. माध्व वैष्णव, म्हणजे मध्वाचार्यांचे अनुयायी, आषाढी एकादशीला शंखचक्रांची तापवलेली मुद्रा दंडावर घेतात, आणि तेथेही 'हा देह माझा नाही, विष्णूचा आहे' असे लिहून दिलेले असते. सजावट म्हणून मुद्रा घेत नाहीत.

आणि आणखी एक. महाराजांच्या पत्रांत मुद्रा आरंभी असते आणि शेवटी दुसरा छोटा शिक्का असतो, 'मर्यादेयं विराजते'. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये, अशा अर्थाचे ते मोर्तब. आपला 'शिक्कामोर्तब' हा शब्द त्या व्यवहारातून आला. वाढत्या चंद्रकोरीचा श्लोक दंडांवर शेकड्यांनी दिसतो. मर्यादेचे मोर्तब गोंदवून घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता गोंदणाविषयी. सभागृहात मागच्या रांगांत ज्या आजी बसल्या आहेत, त्यांपैकी काहींच्या हनुवटीवर मला हिरवट ठिपका दिसतो आहे. काजळी वनस्पतींच्या रसात किंवा दुधात कालवून, सुया एकत्र बांधून, गोंदणारी बाई गाणे म्हणत तो टोचत असे, आणि वर हळद लावत असे. कपाळावर तुळस किंवा चंद्रकोर, हातावर विंचू, मनगटावर नाव. पाली, म्हसवड, खरसुंडीच्या जत्रांत आज ती बाई नसली, तरी बॅटरीवरचे यंत्र आणि नमुन्यांचा फलक घेऊन कोणीतरी बसलेला असतोच. बायका म्हणत की सोने-नाणे येथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते. या ठिपक्याचा 'अर्थ' शोधणाऱ्यांना माझे सांगणे आहे की कोशात पाहून तो सापडणार नाही. बहुतेकींनी तो निवडलेला नव्हता. आईने किंवा आजीने मांडीवर डोके दाबून धरले आणि तो टोचला गेला. 'ही आमची' असे दुसऱ्यांनी केलेले ते विधान होते. आजच्या टॅटूत माणूस 'हा मी' असे स्वतःविषयी म्हणतो. शाई तीच, त्वचा तीच, आणि कर्ता बदलल्याबरोबर वाक्य बदलले.

कर्ता बदलला की किती बदलते याचे कठोर उदाहरण आपल्याच देशात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत. 'गोदना' हाच त्या शिक्षेसाठी शब्द होता आणि ती १८४९ मध्ये बंद झाली. ज्या कपाळावर आपल्याकडे तुळस असे, त्याच कपाळावर तेथे गुन्हा लिहिलेला असे. अशी माणसे मुंडासे खाली ओढून खूण झाकत. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत कैद्यांच्या डाव्या हातावर क्रमांक गोंदले गेले. आकडा हे सर्वांत निरुपद्रवी चिन्ह आहे, असे त्यानंतर कोणी म्हणू नये.

अध्यक्षांनी आताच चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. मर्यादेयं विराजते. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय मी आता सुरू करतो.

'टॅटू' हा शब्द पॅसिफिकमधील ताहितीचा, 'टटाऊ'. कॅप्टन कूकच्या जहाजाबरोबर तो १७६९ नंतर युरोपात आला आणि त्यामुळे पहिल्या लोकप्रिय आकृत्या खलाशांच्या आहेत. त्यांतील पहिली नांगर. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नातवाच्या दंडावरचा नांगर पाहून 'फाळ उलटा का?' असे विचारले, आणि मराठीत जहाज थांबवण्याचे आणि जमीन फोडण्याचे अवजार एकाच नावाचे असल्यामुळे आजोबा आणि नातू दोघेही बरोबर होते. खलाशाच्या अंगावर नांगर म्हणजे अटलांटिक ओलांडल्याची खूण. भिंगरी पक्षी म्हणजे पाच हजार सागरी मैलांचा प्रवास, आणि घरी परतण्याची आशाही, कारण भिंगरी ऋतू पालटला की परत येते. पायावर डुक्कर आणि कोंबडा काढीत, कारण जहाज बुडाले तरी त्यांचे लाकडी खोके तरंगत राहते आणि प्राणी वाचतात, असा समज होता. साताऱ्यात समुद्र नाही, त्यामुळे येथे भिंगरीचा अर्थ बहुधा पुण्याला नोकरीस गेलेला मुलगा शनिवारी घरी येतो, एवढाच लावावा.

फुलपाखराला बदलाचे चिन्ह म्हणतात, पण प्राचीन ग्रीकांच्या भाषेत 'प्सीखे' या एकाच शब्दाचे आत्मा आणि फुलपाखरू असे दोन अर्थ होते, हे ध्यानात घेतले की मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी काढलेले फुलपाखरू अधिक खोल वाटते. आडव्या आठासारखी अनंताची खूण जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५५ मध्ये वापरात आणली. तिच्यात प्रेयसीचे नाव अडकवण्याची कल्पना त्याची नव्हे. जपानी कोई मासा धबधबा चढून ड्रॅगन होतो, ही कथा मूळ चीनमधील. जपानने गोंदण्यावर १८७२ मध्ये बंदी घातली आणि ती १९४८ पर्यंत टिकली, आणि तेथे आजही अनेक सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू असलेल्या माणसाला प्रवेश मिळत नाही. मासा चढतो, माणूस दाराशी अडतो. न्यूझीलंडच्या माओरींचा चेहऱ्यावरचा 'मोको' तर वंशावळीशी बांधलेला असतो. तो 'डिझाइन' म्हणून उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव लावणे.

आता माझ्या धंद्याशी जवळीक असलेली दोन नाती सांगतो आणि थांबतो. टॅटूचे विजेवरचे यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली याने १८९१ मध्ये पेटंट केले, आणि त्याची पूर्वज होती एडिसनने १८७६ मध्ये पेटंट केलेली विद्युत-लेखणी. ती लेखणी कागदाला बारीक छिद्रे पाडून प्रती काढण्यासाठी होती. म्हणजे हे यंत्र छापखान्याचेच भावंड आहे, आणि माझे काकपद एका परीने आपल्या घरीच गेले.

दुसरे नाते अर्धविरामाशी. ॲमी ब्लूएल या अमेरिकी बाईंनी २०१३ मध्ये 'प्रोजेक्ट सेमिकोलन' सुरू केला. लेखक वाक्य संपवू शकत असतो, परंतु तेथे पूर्णविराम न देता अर्धविराम देऊन ते पुढे नेतो. जगणे नकोसे झालेल्या माणसाने आपले वाक्य असेच पुढे न्यावे, म्हणून लोक मनगटावर अर्धविराम गोंदवतात. त्या स्वतः २०१७ मध्ये गेल्या. टॅटूंच्या जगात मला जर कोणत्या एका आकृतीपुढे हात जोडावेसे वाटत असतील, तर याच्यापुढे. मराठीत अर्धविराम फार थोडे लोक बरोबर वापरतात, अशी माझी तक्रार होती. ती मी या बाबतीत मागे घेतो.

प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही, असे अध्यक्ष खुणावत आहेत. ज्यांना ते काकपद प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांना एवढेच सांगतो, की तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला आहे. पण त्याला बाही वर करायला सांगू नका, कारण आज त्याची आईही शेजारी आहे आणि तिला अजून ते गडाचे शिखरच वाटते.