बैठकीचा काळ

व्यक्तिचित्रांवरचा हा माहितीपट सुरू होतो तो तैलरंगातील व्यक्तिचित्राच्या पहिल्या बैठकीपासून, म्हणजे चित्र काढण्यासाठी माणूस चित्रकारासमोर बसतो त्या वेळेपासून. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर खिडकीतून एका बाजूने उजेड पडला आहे, आणि चित्रकाराने डोळे, नाक, ओठ यांपैकी काहीच अद्याप रेखाटलेले नाही. पातळ केलेल्या तपकिरी रंगाने तो प्रथम सावलीचे मोठे आकार मांडतो, मधूनच डोळे बारीक करून मॉडेलकडे पाहतो, कारण तसे पाहिले की बारकावे पुसट होतात आणि छायाप्रकाशाची मांडणी स्पष्ट दिसते. कपाळ, गाल आणि हनुवटी यांची त्वचा एकच असली तरी रंग एक नसतो. गालावर उबदार असलेली छटा जबड्याखाली थंड होते, आणि त्या प्रत्येक बदलासाठी पॅलेटवर वेगळे मिश्रण करावे लागते. पुढच्या बैठकीत मान किंचित वेगळी वळलेली असते. मग आधी जमलेला भागही चित्रकार पॅलेट नाईफने खरवडून काढतो.

१८३९ मध्ये डागेरोटाइप या सुरुवातीच्या छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले आणि हुबेहूब चेहरा टिपण्याचे काम कॅमेऱ्याकडे गेले. लघुव्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या अनेकांचा व्यवसाय त्यात बुडाला.

मात्र साम्य दाखवण्याच्या सक्तीतून व्यक्तिचित्र सुटले, आणि समोर बसलेल्या माणसाला किती काळ, किती बारकाईने पाहिले, हाच त्याचा विषय झाला. ब्रिटिश चित्रकार लूशियन फ्रॉईड एकेका चित्रासाठी मॉडेलला महिनोन्‌महिने बसवत. त्वचेसाठी ते क्रेम्निट्झ व्हाइट हा शिसेयुक्त पांढरा रंग वापरत; त्यांच्या चित्रांतील चेहऱ्यांवरचे हे जाड, खडबडीत थर पाहावेत. राणी एलिझाबेथ यांचे त्यांनी २००० ते २००१ या काळात रंगवलेले चित्र जेमतेम २४ सेंटीमीटर उंच आहे, तरी त्यात राजवैभवापेक्षा वयाचे ओझे अधिक दिसते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०१३ पासून एकाच खुर्चीवर एकेका व्यक्तीला साधारण तीन दिवस बसवून ८२ व्यक्तिचित्रे केली.

चित्रात कोणी बसायचे, हेही बदलले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत १९६९ पर्यंत राजघराण्याबाहेरच्या हयात व्यक्तींच्या चित्रांना संग्रहात स्थान नव्हते. वॉशिंग्टनमध्ये २०१८ साली बराक आणि मिशेल ओबामा यांची चित्रे अनावृत झाली. केहिंडे वायली यांनी बराक ओबामांभोवती रंगवलेल्या फुलांत शिकागोची शेवंती, हवाईची जाई आणि केनियाची आठवण देणारी निळी आफ्रिकन लिली आहे. एमी शेराल्ड यांनी मिशेल यांची त्वचा करड्या छटांत रंगवली, कारण कृष्णवर्णीय माणसाकडे पाहताना नजर आधी त्वचेच्या रंगापाशी अडते, आणि ती सवय मोडणे हे त्यांच्या सगळ्याच कामामागचे कारण आहे.

ब्रिटिश कलाकार मार्क क्विन यांच्या २००१ मधील कृतीत तर चेहराच नाही. शास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यांच्या डीएनएचे अंश असलेल्या जिवाणूंच्या वसाहती येथे पोलादी चौकटीत आहेत, आणि तरीही ते व्यक्तिचित्र ठरते, कारण सल्स्टन यांनी स्वतःच्या शरीरातले काही दिल्यावाचून ते होऊच शकले नसते. शब्दांत वर्णन देऊन यंत्राकडून बनवून घेतलेल्या चेहऱ्यांसाठी मात्र कोणीही, कधीही बसलेले नसते. त्यामुळे या माहितीपटात आम्ही त्यांना जागा दिलेली नाही.