वड्याचा वास आणि कृमीची चरबी

नमस्कार श्रोतेहो.

दादर स्टेशनचा जिना उतरताना कढईतल्या वड्यांचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. घास अजून हातातही नाही, पण जठरात आम्ल पाझरू लागलेलं असतं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी हे कुत्र्यांवर दाखवलं. कुत्रा चावून गिळायचा, पण घास गळ्यापाशी केलेल्या छिद्रातून बाहेर पडायचा. जठरात कणही पोचत नसे, तरी जठररस वाहायचा. मेंदूकडून येणारी व्हेगस नस कापली, की थांबायचा. १९०४ चं नोबेल त्यांना या पचनाच्या कामासाठी मिळालं.

परवा लोकलच्या डब्यात एक बाई शेजारच्या मुलीला सांगत होत्या, "जरा कमी खा गं, आपोआप उतरेल." मुलगी गप्प बसली. मला वाईट वाटलं, आणि एक कृमी आठवला.

सी. एलिगन्स त्याचं नाव. जेमतेम एक मिलिमीटर लांब, काचेसारखा आरपार दिसणारा, एकूण ३०२ चेतापेशींचा. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की जीवाणू ओढून घेणारा त्याचा घसा पंपासारखा धडधडताना दिसतो. त्याला सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशी निरोप पोचवायला वापरतात ते एक रसायन, दिलं, की हा पंप आणखी जोरात चालतो. खाणं वाढलं, म्हणजे चरबीही वाढायला हवी ना? ती घटते! संशोधक सुप्रिया श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की खाण्याचा वेग आणि चरबी जाळणं या सेरोटोनिनच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. २०१७ साली त्यांच्या गटाला मधला निरोप्याही सापडला: चेतापेशींतून सुटणारं एक छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडाच म्हणा. ते आतड्यात पोचतं आणि तिथे साठलेली चरबी फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वाढतं. किती जाळायचं, हे आतडं एकटं ठरवत नाही.

अर्थात माणूस म्हणजे कृमी नव्हे. उंदरातच बघा, तिथे मेंदूतलं सेरोटोनिन भूक वाढवत नाही, आवरतं. त्याचा निरोप पकडणारा, पेशीवरचा एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) काढून टाकलेले उंदीर जास्त खातात आणि लठ्ठ होतात.

आणि आपल्या शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसतंच, ते आतड्याच्या अस्तरात तयार होतं. तिथे ते आतड्याची हालचाल सांभाळतं. रक्तातून मेंदूत मात्र ते शिरू शकत नाही; मेंदूला आपलं सेरोटोनिन स्वतःच घडवावं लागतं.

नमस्कार.