मेणबत्तीच्या उजेडातलं भाषण

मित्रहो,

२७ सप्टेंबर १९८८ ची रात्र. लंडनच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये रॉयल सोसायटीचा भोजनसमारंभ होता आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर बोलणार होत्या. टीव्हीचे कॅमेरे येतील, त्यांच्या दिव्यांचा उजेड असेल, असं सगळे धरून चालले होते. कॅमेरे आलेच नाहीत. दालन इतकं अंधारं, की हातातला कागद दिसेना. शेवटी मेजावरच्या मेणबत्त्या हातोहात पुढे सरकवल्या गेल्या आणि त्या उजेडात बाईंनी भाषण वाचलं. ही हकीकत त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवली आहे.

पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दल काय वाचलं त्यांनी? आपण नकळत या ग्रहाच्या यंत्रणेवरच एक प्रचंड प्रयोग सुरू केला आहे, असं त्या म्हणाल्या. शंभर वर्षांच्या नोंदींतली सर्वांत उष्ण पाच वर्षं एकट्या ऐंशीच्या दशकातली आहेत, हे त्यांनी सांगितलं. व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल परिषदेत मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्या बेटांवरची सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम सहा फूट वर आहे, असं ते म्हणाले होते. ती गोष्टही त्यांनी भाषणात घेतली.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि थॅचरबाई आमच्याच विषयाच्या. ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली त्या शिकल्या, पुढे काही वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. मधे कार्बन, दोन्ही अंगांना ऑक्सिजन. उष्णतेचा किरण आला की हा रेणू वाकतो, ताणला जातो, आणि ती ऊर्जा शोषून घेतो. हवेतल्या नायट्रोजनला आणि ऑक्सिजनला हे जमत नाही. जॉन टिंडल यांनी लंडनमध्येच १८५९ साली नळीत वायू भरून याची मोजणी सुरू केली होती. ज्या बाईंनी हे विज्ञान पाठ्यपुस्तकातून नव्हे, हाताने शिकलेलं आहे, त्यांना ते पटवून द्यायला फार वेळ लागला नसणार.

काही जण म्हणतात, कोळसा जाळला की हाच वायू निघतो आणि त्यांना कोळसा खाणकामगारांची जिरवायची होती, म्हणून हे सगळं. मला हे अर्धवट वाटतं. खाणकामगारांचा संप मार्च १९८५ मध्येच मोडला होता. अणुऊर्जेकडे त्यांचा ओढा होता, हे खरं. पण या भाषणानंतरच्या दोन वर्षांत त्या जे करत गेल्या, ते एवढ्याशा हिशेबात बसत नाही.

८ नोव्हेंबर १९८९ ला त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभ्या राहिल्या. हवामानाबाबत जागतिक करार व्हायला हवा, त्याचे नियम सर्वांवर बंधनकारक असावेत आणि पालन होतं की नाही हे तपासणारी यंत्रणा असावी, अशी मागणी त्यांनी केली. बंधनकारक हा शब्द लक्षात ठेवा. मे १९९० मध्ये ब्रॅकनेलला हवामानाच्या अभ्यासासाठी हॅडली सेंटर सुरू झालं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. बाकीच्या देशांनी आपला वाटा उचलला तर २००५ पर्यंत ब्रिटनचं कार्बन उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणू, असं तिथे जाहीर केलं. नोव्हेंबरात जिनिव्हाच्या परिषदेत त्या म्हणाल्या, की धोका अजून डोळ्यांना दिसत नसला तरी तो बदल आणि त्याग करण्याइतका खरा आहे. त्याच महिन्यात त्यांचं पंतप्रधानपद गेलं.

आता २००२ कडे या. त्या वर्षी आलेल्या पुस्तकात याच थॅचर हवामानबदलाच्या इशाऱ्यांची टर उडवतात, उत्सर्जन घटवण्याचा क्योटो करार झुगारल्याबद्दल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची पाठ थोपटतात. हवामान सुधारायचं तर ते जगाच्या पातळीवरच करावं लागणार, आणि म्हणून देशांच्या वर बसणाऱ्या समाजवादाला हे उत्तम निमित्त मिळालं आहे, असं त्या लिहितात.

मधल्या काळात रेणू बदलला नव्हता. पुरावा तर वाढला होता. बदललं होतं ते औषध. १९८९ मध्ये जागतिक नियम म्हणजे इंग्लंडच्या पुढाकाराचं काम होतं. २००२ पर्यंत ते नियम म्हणजे सरकारी बंधनं, कर आणि विरोधकांचा झेंडा झाले. औषध नको म्हणून त्यांनी आजारच नाकारला. नेत्यांच्या भूमिका फिरतात त्या बहुतेक वेळा इथे फिरतात, असं माझं मत आहे. ओझोनचा थर वाचवण्याच्या बाबतीत हे का झालं नाही? कारण फ्रिजमधला जुना वायू काढून दुसरा भरता येत होता. कुणाला जगण्याची रीत बदलावी लागली नाही.

थॅचर यांच्याच हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन. एप्रिल २००६ मध्ये ते आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला गेले, कुत्र्यांच्या घसरगाडीवरचे त्यांचे फोटो सगळीकडे झळकले. २०१० मध्ये पंतप्रधान झाल्यावर आमचं सरकार सर्वांत हरित असेल, असं म्हणाले. मग वीजबिलं वाढली, ओरड झाली आणि २०१३ च्या अखेरीस घरांच्या भिंती आणि छतं ऊब टिकवणारी करून देण्याच्या योजनांना कात्री लागली. नवी घरं २०१६ पासून शून्य कार्बनची बांधायची, हा आधीच्या सरकारचा नियम २०१५ मध्ये रद्द झाला. थंडीच्या देशात भिंतीतून ऊब गळणं म्हणजे पैसा गळणं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस भडकला, तेव्हा जी घरं दुरुस्त व्हायची राहिली होती त्यांतल्या माणसांनी ही किंमत मोजली. भूमिका बदलल्याचं बिल असं घरात येतं.

पण याच सरकारने एप्रिल २०१३ मध्ये कोळशाच्या विजेवर कार्बनचा जादा कर बसवला. त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअरचं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. म्हणून मी नेत्याचं भाषण ऐकतो, पण कायद्याचा कागदही मागतो.

भूमिका बदलणं हे काही पाप नाही. हुजूर पक्षाचेच बोरिस जॉन्सन वर्तमानपत्रात तापमानवाढीबद्दल शंका घेणारे लेख लिहायचे. पंतप्रधान झाल्यावर, जानेवारी २०२० मध्ये, शास्त्रज्ञांनी त्यांना अकरा स्लाइड दाखवल्या आणि आपलं मत त्यातून पालटलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. अशा बदलाचं मी स्वागतच करतो. उलट २०२३ च्या जुलैमध्ये अक्सब्रिजची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने अवघ्या ४९५ मतांनी जिंकली. ती गाजली जुन्या मोटारींवरच्या लंडनच्या प्रदूषणशुल्कावरून. दोन महिन्यांत त्याच पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नव्या पेट्रोल मोटारींची विक्री थांबवण्याची मुदत २०३० वरून २०३५ वर नेली. एकीकडे अकरा स्लाइड आणि दुसरीकडे ४९५ मतं. दोन्ही वेळा भूमिकाच बदलली, पण कशामुळे, ते पाहायला हवं.

२००८ चा हवामानबदल कायदा संसदेत आला तेव्हा विरोधात मत देणारे खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्याच तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यात दुरुस्ती करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत जेवढं सोडाल तेवढं काढूनही घ्यायचं, बंधन घातलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्तेवर आल्यास हा कायदाच रद्द करू, असं जाहीर केलं. मे यांनी त्याला जाहीर विरोध केला. त्यांनी तो केला याचं मला बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, ब्रिटनच्या राजकारणाचं आपल्याला काय? लंडनच्या हॉबर्न व्हायडक्टला १८८२ मध्ये कोळशावर वीज निघू लागली. तेव्हापासून तिथे जळलेल्या कोळशाच्या कार्बनचा बराचसा भाग आजही हवेत आहे आणि ती हवा आपल्या मराठवाड्यावरचीही आहे. थॅचर बोलल्या त्या वर्षी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३५१ होते, आज ते ४२० च्या वर आहेत.

आणि हॅडली सेंटर? ते पुढे एक्सेटरला हलवलं गेलं, पण काम थांबलं नाही. उद्घाटन करणारीचं मत फिरलं, तिच्या पक्षाचं दोनतीनदा फिरलं, तरी तिथली माणसं दर महिन्याला पृथ्वीच्या तापमानाच्या नोंदी जुळवतच राहिली. २०२४ हे आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष, औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त, हा हिशेब मांडणाऱ्यांत तेही होते.