आधी लेअरचा डोळा मिटून बघा

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण आज पहिल्यांदाच पोस्टर करणार आहेत, म्हणून एक विनंती. संगणक अजून सुरू करू नका. एक कागद घ्या आणि ज्या कार्यक्रमाचं पोस्टर करायचंय त्याबद्दल चार गोष्टी लिहा: काय आहे, कधी आहे, कुठे आहे आणि वाचणाऱ्याने पुढे काय करायचं, नाव नोंदवायचं, तिकीट काढायचं की नुसतं यायचं. आता या चारांतली सगळ्यात मोठी कुठली दिसणार ते ठरवा. एकच. दोन गोष्टी सारख्याच मोठ्या केल्या की नजर कुठेच ठरत नाही.

माझं पहिलं पोस्टर एका नाट्यवाचनाचं होतं. तीन रात्री बसून केलं. मागे मखमली पडद्याचा फोटो, त्यावर मुखवटे, कोपऱ्यात दिवा, शीर्षकाला सावली, सावलीला सोनेरी कडा. पोस्टर लागल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. माणसं थांबत होती, छान झालंय म्हणत होती आणि मग मलाच विचारत होती, "किती वाजता आहे?" वेळ पोस्टरवर लिहिलेली होती, पण मुखवट्यांखाली ती कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हती. वाचणाऱ्या नटांनी महिनाभर तालीम केली होती आणि त्या संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ते मला अजून लागतं. आज जे काही सांगणार आहे ते त्या रिकाम्या खुर्च्यांपासून सुरू झालं.

पुढे मला लुसिअन बर्नहार्ड या पोस्टरकाराची गोष्ट कळली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये प्रीस्टर नावाच्या काड्यापेट्यांच्या पोस्टरसाठी स्पर्धा झाली. बर्नहार्ड तेव्हा अगदी तरुण होता. त्याच्या पहिल्या चित्रात टेबल होतं, रक्षापात्रात पेटलेली सिगार होती, धुरातून नाचणाऱ्या मुली निघत होत्या, असं सांगतात. एका मित्राने ते पाहिलं आणि सिगारची जाहिरात फार छान झाली म्हणाला. मग बर्नहार्ड एकेक गोष्ट काढत गेला. मुली गेल्या, सिगार गेली, टेबलही गेलं. शेवटी गडद पार्श्वभूमीवर दोन मोठ्या काड्या आणि वर 'प्रीस्टर' हा शब्द, एवढंच उरलं. बक्षीस त्यालाच मिळालं आणि जर्मन पोस्टरकलेत त्या वळणाची एक परंपराच सुरू झाली.

त्याला दर वेळी पुन्हा रंगवावं लागलं असेल. आपल्याकडे लेअर आहेत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर. फोटोशॉप या चित्रं आणि फोटो करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी फोटोवर अक्षरं एकदा चिकटली की चिकटली. आज प्रत्येक लेअरच्या नावाशेजारी डोळ्याचं एक छोटं चिन्ह असतं. अशाच कामाच्या गिंपमध्ये आहे, क्रितामध्ये आहे, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही आहे. पोस्टर झालं असं वाटलं की एकेका लेअरचा डोळा मिटायचा, खुर्ची मागे सरकवायची आणि बघायचं. त्या चार गोष्टींतलं काही हरवलं का? हरवलं नसेल तर तो लेअर मिटलेलाच राहू द्या. मी अजूनही हे दर पोस्टरला करते. सावल्या आणि नक्षीच्या चौकटी बहुतेक वेळा सगळ्यात आधी जातात.

आता संगणक सुरू करा आणि पहिली पायरी नीट टाका, कारण ती चुकली तर नंतर दुरुस्त करणं अवघड जातं. नवी फाइल उघडतानाच कागदाचं माप द्यायचं. ए-3 म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटर. रिझोल्यूशन, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, 300 ठेवलंत तर ही फाइल साधारण 3508 बाय 4961 पिक्सेलची होते. आता समजा मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला 1600 पिक्सेल लांबीचा फोटो तुमच्याकडे आहे. 300 च्या हिशोबाने तो छापून जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर होतो. तोच ताणून 42 सेंटिमीटर केला की एका इंचात शंभर पिक्सेलसुद्धा उरत नाहीत आणि जवळून चेहरे लोण्यासारखे दिसतात. इमेज साइजच्या खिडकीत 72 खोडून 300 लिहिल्याने फोटोत नसलेला तपशील येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्या. पोस्टर फार मोठं असेल आणि लांबूनच बघितलं जाणार असेल तर 150 वरही काम भागतं.

छापखान्यात देणार असाल तर चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीची पार्श्वभूमी सोडा, तिला ब्लीड म्हणतात. कापताना पातं जरा सरकलं तरी पांढरी रेघ दिसत नाही. मजकूर मात्र कडेपासून चांगला आत ठेवा.

फोटोतला नको असलेला भाग खोडरबराने पुसू नका, मास्क लावा. मास्कवर काळा रंग फिरवला की भाग दडतो, पांढरा फिरवला की परत येतो. पुसलेलं मात्र गेलंच. उजेड कमी-जास्त करायचा तोही वेगळ्या ॲडजस्टमेंट लेअरवर, म्हणजे उद्या मत बदललं तर मूळ फोटो शाबूत असतो.

फोटोवर अक्षरं वाचता येत नसली की नवशिका माणूस अक्षरांना जाड कड काढतो. मी म्हणते, अक्षरांना हात लावू नका, फोटोला लावा. ज्या भागावर मजकूर येणार तिथे पारदर्शक होत जाणारा गडद ग्रेडियंट टाका किंवा मुळातच मोकळं आकाश, भिंत, जमीन असलेला फोटो निवडा. मग सगळं पोस्टर घटकाभर कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावरही अक्षरं स्वच्छ उठून दिसली तरच ती खरी वाचली जातात. लालवर हिरवं रंगीत पडद्यावर वेगळं भासतं, करड्यात एक होऊन जातं.

आणि आता आपल्या लिपीबद्दल, कारण इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं छान दिसतं म्हणून लोक मराठी शब्दालाही तेच करतात आणि शिरोरेघ तुटते. शब्द शब्द राहत नाही, तुकडे होतात. ते अंतर शून्यावर ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. फोटोशॉप आपणहून अक्षराच्या 120 टक्के अंतर धरतं, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. 140 टक्क्यांपासून सुरुवात करा आणि डोळ्यांनी ठरवा.

ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षरं फुटली तर टंकलेखनाचा दोष नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. तिरो देवनागरी मराठीत तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. ठळक हवं असेल तर फॉन्टचंच ठळक वजन निवडा. बटण दाबून केलेल्या खोट्या ठळकपणात ध, ष, क्ष यांची पोटं बुजतात. पोस्टरला दोनपेक्षा जास्त फॉन्ट लागलेले मी क्वचितच पाहिलेत.

आकाराचा ढोबळ हिशोब असा: 10 फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर इंचभर उंच हवं. 72 पॉइंट म्हणजे 1 इंच खरा, पण त्या इंचात वरच्या-खालच्या चिन्हांचीही जागा धरलेली असते, त्यामुळे छापलेलं अक्षर त्याहून लहानच निघतं. पडद्यावर पोस्टर 10 टक्क्यांपर्यंत लहान करून बघा. तिथे जे वाचता आलं तेच लांबून दिसणार.

रंगांचं थोडक्यात सांगते. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे शाईत तसे उतरत नाहीत, म्हणून छापण्याआधी सीएमवायके प्रूफ, म्हणजे छपाईच्या चार शायांत रंग कसे दिसतील ते, बघा आणि जमलं तर एक प्रत काढून घ्या. मूळ फाइल सगळ्या लेअरसकट जपून ठेवा, तारीख पुढे ढकलली तर तीच कामाला येते. छापखान्याला पीडीएफ द्या, त्यात अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहतात. मोबाइलवर पाठवायला वेगळी, लहान प्रत काढा.

फाइल पाठवण्याआधी पोस्टर अशा माणसाला दाखवा ज्याला कार्यक्रमाबद्दल काहीच माहीत नाही. पाच सेकंद दाखवून झाकायचं आणि विचारायचं: काय, कधी, कुठे? वार आणि तारीख जुळतात का, हे कॅलेंडर समोर ठेवून तपासा, आठवणीवर जाऊ नका. फोन नंबर छापला असेल तर पोस्टरवरूनच बघून तो लावा आणि समोर कोण उचलतं ते ऐका.

चला, कागदावर चार ओळी लिहून झाल्या असतील. आधी कोण दाखवतंय?