बोलता बोलता गप कित्याक झालंस?

मंडळी, सावंतवाडीत येऊन पत्त्यांवर बोलायचं म्हणजे मला जरा दडपणच येतं, कारण हे गंजिफांचं गाव. दशावतारी गंजिफाची 120 गोल पानं, 10 रंग, एकेका रंगाची 12, सगळी हाताने रंगवलेली. माझा कॅट मात्र साधा 52 पानांचा, आणि बोलणार आहे फक्त एका हालचालीबद्दल, जिला जादूगार पास म्हणतात.

तुम्ही घेतलेलं पान, समजा बदामची राणी, कॅटच्या मध्ये परत ठेवता, वरची पानं तिच्यावर बसताना मी करंगळीचं टोक मध्ये अडकवून बारीक फट धरतो, मग उजवा हात वरून येतो आणि त्याच्या आडोशाने वरचा अर्धा कॅट खाली, खालचा वर. राणी सगळ्यात वर आली. सांगायला अर्धा मिनिट, हातात बसायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष चुकीच्या गोष्टीवर गेलं.

मी स्पीडच्या मागे होतो. रोज रात्री आरशासमोर, आणि आरशात काही म्हणजे काही दिसायचं नाही, मला वाटलं झालं काम. मग मोबाईलवर व्हिडिओ काढला तर हात नुसते फडफडतायत. आरशात नेमक्या त्या क्षणाला माझीच पापणी मिटत होती हो! ही सवय पुष्कळांना लागते, म्हणून आरसा थोडा वेळ ठीक, पण खरं काय ते कॅमेऱ्यालाच विचारा.

त्यात आपला पाऊस. जून लागला की कागदी पानं दमट हवेने फुगतात, एकमेकांना चिकटतात, अर्धा कॅट सरकवायला गेलं की चार पानं ओढत येतात. मी पावसाळ्यात प्लास्टिकची पानं वापरतो, पण ती जास्त घसरतात, त्यामुळे पकड पुन्हा बसवावी लागते.

असाच एका पावसाळ्यात पडवीत बसून सराव करत होतो, तोंडाने पूर्ण बोलणं चालू, समोर आजी आठळ्या सोलत बसलेली. तिला मोतीबिंदू, पानावरचं चित्र सोडा, माझे हातही धड दिसत नव्हते. आणि बरोब्बर पासच्या क्षणाला ती म्हणाली, "रे, बोलता बोलता गप कित्याक झालंस?"

मी थंडच पडलो. हाताकडे न बघता तिने पकडलं होतं, निव्वळ कानाने. मग परत सगळे व्हिडिओ आवाज मोठा करून ऐकले, प्रत्येक वेळी पासच्या आधी वाक्य अर्धवट, श्वास रोखलेला, कोपर अंगाला चिकटलेलं, नजर बोटांवर. लोकांना पास दिसत नाही, पण आत्ता काहीतरी झालं एवढं पक्कं कळतं, आणि एकदा कळलं की ते मागे जाऊन शोधतात.

दुसऱ्या वर्षी म्हणून उलटा सराव केला, म्हणजे पास न करण्याचा. कॅट नुसता हातात घ्यायचा, कडा सारख्या करायच्या, बोलायचं, त्याचा व्हिडिओ. मग खरा पास करून व्हिडिओ. दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आणि खरा त्या खोट्यासारखा होईपर्यंत हळू करत जायचं. हो, हळू. आणि क्षण निवडायचा, "पान लक्षात आहे ना?" विचारलं की माणूस माझ्या तोंडाकडे बघतो, तेव्हा घाईची गरजच नसते.

डाय व्हर्नन हे पत्त्यांच्या जादूतलं फार मोठं नाव, कॅटच्या मधून पान वाटणारा कुणी जुगारी आहे असं ऐकल्यावर तो त्याला शोधत फिरला आणि 1932 मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, प्लेझंट हिल गावात अ‍ॅलन केनेडी त्याला सापडला. मला यात भारी वाटतं ते केनेडीचं. जुगाराच्या टेबलावर टाळ्या नसतात, तिथे हालचाल कुणाला कळलीच नाही तर ती जमली.

आजीसमोर पुन्हा बसलो ते पुढच्या पावसात. सगळं करून झालं, कॅट खाली ठेवला, आणि ती विचारते, "कधी करतलंस?"

तरीही गणपतीत मी पास करत नाही हे सांगून ठेवतो. तेव्हा ओटीवर पोरं तिन्ही बाजूंनी चिकटून बसतात, एक तर मांडीवरच असतं, आणि बाजूने किंवा मागून हा पास उघडा पडतो. तिथे दुसरे प्रयोग. आज मात्र माझ्या मागे भिंत आहे, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकू, या, एक पान घ्या.