वस्तूंच्या मधली जागा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी एक छोटंसं काम करू. डोळे मिटा, आणि रात्री दिवा न लावता तुमच्या पलंगापासून स्वयंपाकघरातल्या पाण्यापर्यंत मनातल्या मनात चालत जा. कुठे वळता? कशाला हात लावून अंदाज घेता? कुठल्या टोकाला दर वेळी पायाची करंगळी आपटते?

उघडा डोळे. आत्ता तुम्ही ज्या वाटेने गेलात, ती कुठल्याही फोटोत दिसत नाही. मी बरीच वर्षं लोकांची घरं सजवण्याचं काम करते. नव्या घरी गेले की लोक पहिल्यांदा फोन पुढे करतात आणि साठवून ठेवलेले सुंदर खोल्यांचे फोटो दाखवतात. ते मी मन लावून बघते, कारण माणसाला काय आवडतं ते त्यातून कळतं. पण तो फोटो कोपऱ्यात उभं राहून, रुंद भिंगाने काढलेला असतो. त्यात वायरी नसतात, चार्जर नसतो, वाळत घातलेला टॉवेल नसतो, आणि मुख्य म्हणजे माणूस नसतो. फोटोत वस्तू दिसतात. आपण राहतो ते त्या वस्तूंच्या मधल्या जागेत, आणि आज मला त्या जागेबद्दलच बोलायचं आहे.

ही जागा मोजता येते. मुख्य येण्याजाण्याच्या वाटेला 90 सेंटीमीटर हवेत. 60 मध्ये माणूस निघतो, पण हातात कपड्यांची बादली असली की अंग चोरावं लागतं. सोफा आणि मधलं टेबल यांच्यात 40 ते 45 सेंटीमीटर ठेवले की पायही मावतात आणि बसल्या जागेवरून हातही पोचतो. जेवणाच्या टेबलाला माणशी 60 सेंटीमीटर रुंदी धरा. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत निदान 75 लागतात, आणि बसलेल्या माणसाच्या पाठीमागून दुसऱ्याला जायचं असेल तर त्याहून बरेच जास्त. सहा माणसांचं टेबल हौसेने घेतलं आणि भिंतीकडचे दोघे जेवण संपेपर्यंत अडकून पडले, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की काहीही विकत घेण्याआधी जुनी वर्तमानपत्रं घ्या, त्या फर्निचरच्या लांबी-रुंदीएवढी चिकटवा आणि जमिनीवर अंथरा. दोन दिवस त्या कागदांना वळसा घालून वावरा. कागद जिथे फाटतो, तिथे तुमची वाट आहे. कपाट असेल तर दार उघडल्यावर ते कुठवर येईल तेही कागदाने दाखवा. टांगायच्या कपड्यांच्या कपाटाला आतून साधारण 60 सेंटीमीटर खोली लागतेच, कारण हँगरवरचा शर्ट आडवा तेवढी जागा खातो. अरुंद खोलीत कपाट 45 चं करून जागा वाचवतो असं कुणी म्हणालं, तर त्यात कपडे तिरके टांगावे लागतील हे आधीच समजून घ्या.

आता खुर्ची. खुर्चीवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण घरातल्या सगळ्या वस्तूंत शरीराला सगळ्यात जास्त वेळ टेकलेली वस्तू, पलंग सोडला तर, हीच.

एका घरी नवा सोफा आला होता. बुटका, खोल, मऊ, दिसायला खरंच देखणा. महिन्याभरात घरातल्या आजी बाहेरच्या खोलीत येईनाशा झाल्या. त्या आताशा जरा एकट्या राहतात, असं घरच्यांना वाटत होतं. मी आजींच्या शेजारी त्या सोफ्यावर बसले आणि उठून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जात होते. उठताना आपल्याला अंगाचा भार पुढे, पावलांवर आणावा लागतो. बैठक खोल आणि खाली असली की तो भार मागेच राहतो. तरुण माणूस झटका देऊन उठतो. आजींना उठताना दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागत होती, आणि ती हाक मारायची नाही म्हणून त्या आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसत होत्या. आम्ही खिडकीपाशी 46 सेंटीमीटर उंचीची, घट्ट गादीची, दोन्ही बाजूंना हात असलेली एक खुर्ची ठेवली. त्या परत बाहेर बसायला लागल्या. सोफा तिथेच आहे, मुलं त्यावर लोळतात. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी सगळ्यात थोरल्या आणि सगळ्यात धाकट्या माणसाला बसवल्याशिवाय बैठक ठरवत नाही.

खुर्ची घेताना पावलं जमिनीवर सपाट टेकतात का आणि पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरते का, एवढं बघा. टेबल साधारण 72 ते 75 सेंटीमीटर उंच असतं, बैठक 43 ते 46. दोन्हीत 28-30 चं अंतर राहिलं की हात सहज टेकतात. खुर्ची एका दुकानातून आणि टेबल दुसऱ्या दुकानातून घेतलं की नेमकं हेच अंतर बिघडतं.

स्वयंपाकघराकडे येते. आज आपण ज्याला सलग ओटा आणि वर-खाली कपाटं म्हणतो, त्याच्यामागे एका स्त्रीने घेतलेले कष्ट आहेत. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ही ऑस्ट्रियाची वास्तुविशारद. 1926 मध्ये तिने जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या सार्वजनिक घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर तिने अभ्यासलं, कामाला लागणारा वेळ आणि पावलं मोजली, आणि साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटरच्या जागेत सगळं बसवलं: खिडकीखाली कामाचा ओटा, बसून काम करायला स्टूल, कोरड्या जिनसांसाठी मूठ असलेले छोटे धातूचे खण. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. मला या कामाबद्दल नितांत आदर आहे. आणि तरी सांगते, त्यात एक उणीव होती: ते एकाच माणसासाठी मोजलं होतं. दुसरं माणूस मदतीला आलं की धडका. आपल्या घरी किती माणसं एकाच वेळी ओट्यापाशी उभी राहतात, हा प्रश्न त्यामुळे मी सगळ्यात आधी विचारते. दोघं असतील तर समोरासमोरच्या ओट्यांमध्ये 120 सेंटीमीटर सोडा. ओट्याची उंचीही पुस्तकातून घेऊ नका. जो माणूस रोज उभा राहतो त्याने कोपर काटकोनात दुमडावं, आणि ओटा कोपराच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली यावा.

यानंतर प्रकाश. माझ्या मते घर सजवण्याचं निम्मं काम इथे होतं, आणि खर्च संपत आल्यावर लोक त्याचा विचार करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवसाचा उजेड खोलीत किती आत जातो? खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट आत कामापुरता उजेड पोचतो. म्हणजे खिडकीचा वरचा वीतभर भाग सगळ्यात मोलाचा, कारण तोच उजेड खोलवर फेकतो. आणि आपण तिथेच झालरीचा पडदा लावतो! पडद्याचा दांडा चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर न्या. पडदा सरकवला की त्याच्या चुण्या भिंतीवर जमा होतात आणि काच पूर्ण मोकळी राहते. खोली मोठी वाटण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही. छतही पांढरंच ठेवा. खोलीतला उजेड परतवणारा सगळ्यात मोठा मोकळा पृष्ठभाग तोच असतो.

रात्रीचं बघा. छताच्या मधोमध एक भगभगीत दिवा, ही सवय इतकी पक्की झाली आहे की ती आपल्याला खुपतही नाही. भिंतीकडे तोंड करून तुम्ही ओट्यावर काही चिरत असता तेव्हा तो दिवा तुमच्या पाठीमागे असतो, आणि सुरीवर पडते ती तुमचीच सावली. वरच्या कपाटाच्या खालच्या पुढच्या कडेला एक एलईडी पट्टी लावली की हा प्रश्न मिटतो. छोट्या उगमापासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे वाचणाऱ्याच्या खांद्यापाशी ठेवलेला लहान दिवा छतावरच्या मोठ्या दिव्याहून जास्त उपयोगी पडतो. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, बाहुली लहान राहते; साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मुलगा म्हणतो ‘भरपूर उजेड आहे’, वडील म्हणतात ‘दिसत नाही’, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बल्बच्या खोक्यावर दोन आकडे शोधा. एक केल्विनचा. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर ऊबदार, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. संध्याकाळी जिथे टेकायचं तिथे पिवळसर, कामाच्या जागी मधला. एकाच खोलीत 2700 आणि 6500 शेजारी-शेजारी लावले तर कितीही महागडं फर्निचर आजारी दिसतं. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा. 80 चालतो; आरशापाशी, जेवणाच्या टेबलावर आणि चित्रावर 90 च्या पुढचा घ्या. आरशाचा दिवा डोक्यावर नको. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हवा, नाहीतर डोळ्यांखाली सावल्या पडतात.

रंगाविषयी मला एकच गोष्ट सांगायची आहे. पॅरिसच्या गोब्लां विणकाम कारखान्यात मिशेल यूजीन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार आली की काळा रंग फिका उतरतोय. त्याने काळी लोकर तपासली, इतर ठिकाणच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याशेजारी विणल्यामुळे तो काळा मरगळलेला दिसत होता. शेजारचा रंग आपला रंग कसा बदलतो याचा नियम त्याने 1839 मध्ये छापून मांडला. म्हणून दुकानातल्या बोटभर तुकड्यावरून भिंतीचा रंग ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पुठ्ठा सोफ्यामागे, पडद्याशेजारी, कोपऱ्यात फिरवा, आणि सकाळी, दुपारी व रात्री आपल्याच दिव्याखाली बघा. चारही भिंतींना लागल्यावर तो पुठ्ठ्यावरच्याहून गडद वाटेल, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. दोन छटांत अडकलात तर फिकी निवडा.

फर्निचरच्या टिकाऊपणाबद्दल थोडं बोलते. पुस्तकांची फळी मधे वाकते ही सगळ्यांची तक्रार. दोन्ही टोकांना टेकवलेल्या, पुस्तकांनी सलग भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की वाक सोळापट होतो. जाडी दुप्पट केली की तो एक अष्टमांश होतो. म्हणून 18 मिलिमीटरच्या फळीला 75 सेंटीमीटरच्या आत आधार द्या, किंवा पुढच्या कडेला खालून एक उभी पट्टी मारा. सुताराला हे ठाऊक असतं. अखंड लांब फळी आपणच मागतो, कारण ती फोटोत छान दिसते.

आणि वस्तू उघडता येते का, ते बघा. मायकेल थोनेट यांची 14 क्रमांकाची खुर्ची 1859 ची. वाफेने वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. एक पाय मोडला तर तेवढाच बदलायचा. ती खुर्ची मला सुंदर वाटते त्याचं निम्मं कारण हे आहे. गोंदाने कायमची जोडलेली, खिळे दडवलेली वस्तू घ्यायला मी नेहमी कचरते.

(प्रश्नोत्तरांत एका श्रोत्या बाईंनी विचारलं: आईचं जुनं लाकडी कपाट आहे, नव्या खोलीत कशाशीच जुळत नाही, दारही नीट लागत नाही. मुलं म्हणतात काढून टाका. काय करू?)

काढू नका. जुळण्याची काळजी तर अजिबात करू नका. सगळ्या वस्तू एकाच वर्षी घेतलेल्या दिसाव्यात अशी सक्ती कुणी केलेली नाही. खोलीत त्याच्या लाकडाचा रंग आणखी एका ठिकाणी येऊ द्या, एखाद्या चित्राच्या चौकटीत किंवा दिव्याच्या बैठकीत, म्हणजे ते एकटं पडणार नाही. खिडकीच्या लगत ठेवू नका, उजेड अडेल. खिडकीच्या समोरच्या भिंतीला ठेवा, म्हणजे लाकडाच्या रेषा उठून दिसतील. पुढे दार उघडायला आणि माणसाला उभं राहायला 90 सेंटीमीटर मोकळे सोडा.

आणि दार लागत नाही म्हणून लगेच रंधा मारायला देऊ नका. पुष्कळदा दार बरोबर असतं, नवी फरशी असमान असते. कपाट एका कोपऱ्यावर झुकतं आणि चौकट तिरकी होते. घरी गेल्यावर एक जाड पुठ्ठा घडी करून आधी पुढच्या एका पायाखाली सरकवा, मग दुसऱ्या, आणि दर वेळी दार लावून बघा. लागलं तर मला जरूर कळवा.